निवडुंगांच्या माळावर

गोल्फ या खेळाशी आमच्यासारख्या मराठी माणसाचा संबंध आजवर इंग्रजी कथा-कादंबऱ्यांपुरता आणि वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावर तळाशी येणाऱ्या एखाद्या चौकटीपुरताच आला. त्यातून आम्ही इंदूरचे. इंदुरात खेळ म्हटला की क्रिकेट. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि कर्नल सी. के. नायडू यांचे षटकार ‘याचि डोळां’ पाहिल्याचे सांगणारी वडीलमंडळी आमच्या लहानपणी प्रत्येक ओट्यावर बसलेली असत. गोल्फ हा साहेबांचा, फार तर लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या भाच्याच्या आग्रहास्तव अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स या गावी आमचे जाणे झाले, आणि तेथे चक्क वाळवंटात आखलेल्या एका मैदानावर अठराही ‘होल’ खेळण्याचा योग आला.

या ‘होल’ शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ‘छिद्र’ म्हणावे तर छिद्रान्वेषी मंडळींची आठवण होते. ‘विवर’ म्हणावे तर त्यात वाघ किंवा नाग असल्यासारखे वाटते. शेवटी ध्यानात आले की शब्द आपल्याजवळ केव्हाचाच आहे. गोट्यांच्या खेळात टाचेने जमीन उकरून जो खळगा करतात, ती ‘गल’. विटीदांडूची विटीही गलीवरच ठेवतात. गोल्फ म्हणजे फार मोठ्या अंगणात, फार लांब दांड्यांनी खेळलेल्या गोट्याच होत. त्यांची गल सव्वाचार इंच रुंद असते, आणि हे माप १८९१ पासून ठरून गेले आहे. चेंडू पावणेदोन इंचांहून किंचित लहान. आमच्या गलीला मात्र कोणी माप लावले नाही. ज्याची टाच जशी, तशी त्याची गल.

मूळचा हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा. तेथे पाऊस सतत पडतो, गवत आपोआप उगवते आणि मेंढ्या ते चरून सपाट ठेवतात. असा खेळ वाळवंटात आणावयाचा म्हणजे तुळस वाळूत लावण्यासारखे आहे. अ‍ॅरिझोनातील जुन्या मैदानांवर वाळवंट पुसून टाकून तेथे अथपासून इतिपर्यंत हिरवळ पसरण्याचाच प्रघात होता. पुढे काहींच्या मनात आले की वाळवंट पुसावयाचे तरी कशाला? १९६२ मध्ये केअरफ्री या गावी ‘डेझर्ट फॉरेस्ट’ हे मैदान रेड लॉरेन्स यांनी आखले, त्यात निवडुंगांच्या रानातून हिरवळीच्या वाटा तेवढ्या काढल्या. जॅक निकलस यांनी आखलेल्या ‘डेझर्ट हायलँड्स’वर १९८३ साली नामांकित खेळाडूंचा सामना झाला, तो दूरचित्रवाणीवर देशभर दिसला आणि ही तऱ्हा लोकांच्या नजरेत भरली. तिला पाण्याचेही कारण होते. १९८० साली अ‍ॅरिझोनाने भूजलाचा कायदा केला आणि त्याअन्वये फिनिक्सच्या परिसरातील नव्या मैदानांना पाणी घालून वाढविलेल्या हिरवळीसाठी सुमारे ९० एकरांची मर्यादा पडली. जुन्या पद्धतीच्या मैदानाला दीडशे एकर हिरवळही पुरत नसे. आता जेथून चेंडू मारावयाचा तेथे एक हिरवा चौथरा, जेथे तो पडावा तेथे एक हिरवा पट्टा, जेथे गल तेथे एक हिरवे गोल अंगण, आणि मधे जसेच्या तसे वाळवंट. समुद्रातील बेटांवरून बेटांवर उडी मारावी, तसा हा खेळ.

आम्ही खेळलो त्या मैदानाचे नाव ‘वी-को-पा’. फिनिक्सच्या ईशान्येस, व्हर्डी नदीच्या खोऱ्यात, फोर्ट मॅक्डॉवेल येथील यावापाई आदिवासींच्या स्वतःच्या भूमीवर, त्यांच्याच मालकीचे ते आहे. पूर्वेला चार शिखरांचा एक डोंगर दिसतो. त्यातील सर्वांत उंच शिखर ७,६५७ फुटांचे. इंग्रज त्याला सरळ ‘फोर पीक्स’ म्हणून मोकळे झाले. त्याच डोंगराचे यावापाई भाषेतील नाव मैदानाला दिले आहे. येथे अठरा-अठरा गलींची दोन मैदाने आहेत. पहिल्याचे नाव ‘चोया’, दुसऱ्याचे ‘सवारो’. ही दोन्ही तेथील निवडुंगांची नावे. ‘सवारो’ची आखणी बिल कूर आणि दोन वेळा मास्टर्स स्पर्धा जिंकलेले बेन क्रेनशॉ या जोडीने केली आणि ते २००६ साली खुले झाले. जमीन जशी आहे तशी ठेवावी, तिचे चढउतार ओळखून त्यावर खेळ बसवावा, ही या दोघांची ख्याती. आम्हांस त्यांचेच मैदान लाभले.

जूनचा महिना. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, म्हणून त्या दिवसांत खेळण्याचे दर उतरतात आणि आमच्यासारख्या नवशिक्यालाही तेथे पाऊल ठेवता येते. पहाटे साडेपाचला आम्ही मैदानावर हजर होतो. आम्ही, आमचा भाचा आणि सुटी असल्यामुळे आमच्यासोबत निघालेली त्याची नऊ वर्षांची कन्या. ती खेळणार नव्हती. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीत बसून गुण लिहिण्याचे काम तिने स्वखुशीने पत्करले होते.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी सरावाच्या जागी नेऊन भाच्याने आम्हांस दांडा धरण्यास शिकविले होते. त्या दिवशी पहिल्या चौथऱ्यावर त्याने आम्हांस शेवटचा उपदेश केला.

“मामा, एक लक्षात ठेवा. चेंडू रानात गेला तर गेला. त्याच्यामागे जायचं नाही. खिशातला दुसरा काढायचा, एक दंडाचा फटका मोजायचा आणि हिरवळीवरून पुढे चालू लागायचं.”

“अरे, पण चेंडू समोर दिसत असला तर?”

“दिसत असला तरी. तिथे साप असतात, काटे असतात. आणि तिथली जमीन मोडायची नसते.”

खडूचा तुकडा संपेपर्यंत वापरणाऱ्या आणि वापरावयास लावणाऱ्या माणसाला हा उपदेश पचणे अवघड. आमच्या पिशवीत बारा चेंडू होते. त्यांतील पहिला पहिल्याच फटक्याला उजवीकडे वळला आणि एका झुडपाच्या बुंध्याशी, पंचवीस पावलांवर, पांढराशुभ्र होऊन बसला. झुडूप मेस्कीटचे. आपल्याकडे जिला विलायती बाभूळ म्हणतात, तिच्याच गोत्रातले. ओळखीची पाने पाहून पाय आपोआप तिकडे वळले, तोच मागून नातीने हाक मारली, “आजोबा, नो! नाही जायचं!” वर्गात आम्ही जो स्वर लावतो, तोच स्वर होता. आम्ही निमूटपणे दुसरा चेंडू काढला. त्या गलीत चेंडू पडेतो आमचे अकरा फटके झाले होते. ती गल उत्तम खेळाडूने चार फटक्यांत संपवावी अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या-तिसऱ्या गलीवर हाताला थोडे वळण लागले. सूर्य चार शिखरांमागून वर आला आणि तोवर करडे वाटणारे रान एकाएकी रंगांनी भरून गेले. वाळवंट म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरकडची वाळूची टेकाडे येतात. सोनोरा वाळवंट तसे नाही. येथे खडे आहेत, माती आहे, आणि जागोजाग झाडे आहेत; फक्त प्रत्येक झाड दुसऱ्यापासून अंतर राखून उभे आहे. हिरव्या खोडाचा पालो व्हर्डे पाने गाळून खोडानेच अन्न शिजवतो. वेताच्या छड्यांची मोळी उभी करावी तसा ओकोटियो. आणि चोया. या निवडुंगाची कांडी स्पर्श होताच तुटून अंगाला चिकटते, म्हणून तो उडी मारतो असा लोकांचा समज आहे. भाच्याच्या पिशवीत एक कंगवा होता. या वयात खेळताखेळता केस विंचरण्याची हौस कसली, असे आम्ही त्याला विचारणार, एवढ्यात त्याच्याच पोटरीला चोयाचे एक कांडे बिलगले. बोटांनी काढावे तर बोटांत घुसते. कंगव्याचे दात खाली घालून ते झटक्याने उडवावे लागते. लाव्यासारख्या पक्ष्यांचे एक कुटुंब, प्रत्येकाच्या माथ्यावर एक तुरा, पिलांची रांग घेऊन आमच्या हिरवळीवरून पलीकडच्या रानात निघून गेले. त्यांच्या दृष्टीने हिरवळ हीच अडगळ असावी.

परंतु या रानाचा कुलपुरुष म्हणजे सवारो. चाळीस फुटांहून उंच वाढणारा, दोन-दोन शतके जगणारा हा निवडुंग. त्याला पहिली फांदी फुटावयास पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. म्हणजे दोन हात वर करून उभा असलेला सवारो आमच्याहून वयाने बहुधा वडीलच असावयाचा. त्याच्या अंगावर पखवाजाच्या दोऱ्यांसारख्या उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की त्या फुगून तो पाणी साठवतो आणि पुढे महिनोन्‌महिने त्यावर काढतो. शेंड्यावर मेअखेरीस फुललेली पांढरी फुले जाऊन तेथे लाल फळे उकलली होती. सुतार पक्षी त्याच्या खोडात घर कोरतो, तेव्हा हा त्या जखमेभोवती टणक कवच धरून तिचे बिऱ्हाड करून देतो. राज्याचा कायदा या झाडांना संरक्षण देतो. परवानगीवाचून सवारो तोडता येत नाही. तरी माणसाचा खेळ त्याला पूर्णपणे चुकला नाही. सातव्या गलीच्या डाव्या अंगाला एका थोराड सवारोच्या खोडात पुरुषभर उंचीवर एक गोल्फचा चेंडू रुतून बसलेला आम्ही पाहिला. कडेने कवच धरले होते. चेंडू काढावयाचा म्हणजे झाडाला पुन्हा जखम, म्हणून कोणी तो काढला नव्हता.

नऊ गली झाल्या. आमचे पाच चेंडू त्या रानाला वाहिले गेले होते. एका पालो व्हर्डेच्या विरळ सावलीत गाडी थांबवून आम्ही पाणी प्यायलो. चहूकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली आणि भाच्याला विचारली. वाटेत दिसलेल्या प्रत्येक मैदानाच्या कडेने बंगल्यांच्या रांगा होत्या. येथे एकही घर दृष्टीस पडत नव्हते. चोहोंकडे डोंगर, रान आणि आकाश. तो म्हणाला की ही वस्तीतल्या लोकांची सामाईक जमीन आहे, येथे घरे विकली जात नाहीत. त्यावर नात गाडीतूनच म्हणाली,

“आजोबा, इथे ना, पाणी येणार होतं. सगळं बुडणार होतं.”

अ‍ॅरिझोनात चौथीच्या वर्गात राज्याचा इतिहास शिकवितात, आणि तिने यावापाई लोकांवर एक प्रकल्प केला होता. तिने अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत जे सांगितले, ते पुढे आम्ही पुस्तकांवरून पडताळून पाहिले. १८७५ च्या हिवाळ्यात या लोकांना त्यांच्या मुलखातून उठवून सुमारे १८० मैल डोंगरांतून पायी चालवत सॅन कार्लोस येथे नेण्यात आले. वाटेत कितीतरी माणसे दगावली. पंचवीस वर्षांनी जे परतले, त्यांना १९०३ साली व्हर्डीकाठची ही सुमारे २४ हजार एकर जमीन मिळाली. लगोलग तेथूनही हलविण्याचे घाटू लागले, तेव्हा वासाजा नावाचा त्यांच्यातलाच एक पुरुष उभा राहिला. लहानपणी त्याला पळवून एका छायाचित्रकाराला तीस डॉलरना विकले होते. तोच पुढे कार्लोस मॉन्टेझुमा या नावाने शिकागोत डॉक्टर झाला होता. त्याने अखेरपर्यंत या जमिनीसाठी झगडा दिला आणि १९२३ मध्ये मरावयाला तो येथेच आला.

मग धरणाची वेळ आली. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने फिनिक्सला आणण्याची योजना १९६८ मध्ये मंजूर झाली, त्यात व्हर्डी आणि सॉल्ट या नद्यांच्या संगमावर ‘ऑर्म’ नावाचे धरण होते. ते बांधले गेले असते तर या वस्तीचा मोठा भाग जलाशयाखाली गेला असता. मोबदला म्हणून सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले होते. वस्ती होती जेमतेम चारशे माणसांची. १९७६ साली त्यांनी मतदान घेतले. धरणाच्या बाजूने ५७ मते पडली, विरुद्ध १४४. तरी योजना मागे गेली नाही, तेव्हा १९८१ च्या सप्टेंबरात सुमारे शंभर लोक तीन दिवस पायी चालत फिनिक्सच्या राजभवनापर्यंत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑर्म धरण रद्द झाले. शहर तहानले का? नाही. जुने रूझवेल्ट धरण उंच करण्यात आले, दुसरीकडे न्यू वॉडेल धरण बांधण्यात आले, आणि काम भागले. यावापाई लोक दर नोव्हेंबरात या विजयाचा सण करतात.

ही हकिगत ऐकताना आमचे मन त्या मैदानावर राहिले नाही. १९९६ पासून पाच वर्षे आम्ही खंडवा जिल्ह्यातील हरसूदच्या शाळेत मराठी माणसाच्या हिंदीत मुलांना शिकवीत होतो. हरसूदचे नाव वाचकांस ठाऊक असेल. १९८९ च्या सप्टेंबरात याच गावी देशभरचे लोक धरणांविरुद्ध जमले होते. पुढे इंदिरा सागर धरण पुनासाला उभे राहिले आणि २००४ च्या जूनअखेरीस हरसूद रिकामे करण्यात आले. लोकांनी आपल्या हातांनी आपली घरे पाडली; दारे, चौकटी, कौले गाड्यांवर लादली. आमची बदली त्यापूर्वीच इंदूरला झाली होती. शाळेच्या मागे चिंचेखाली मुले कंचे खेळत. तिकडे गोट्यांना कंचे म्हणतात. त्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्यांच्या टाचांनी दगडी वाटीसारखी घट्ट झालेली एक गल होती. मधल्या सुटीत तिच्याभोवती जमलेला घोळका हाकलणे हे आमचे नित्यकर्म होते. उन्हाळ्यात जलाशय उतरला की जुन्या हरसूदचे अवशेष उघडे पडतात आणि तेथले लोक आपापल्या घराचा चौथरा पाहावयास जातात. आम्ही गेलो नाही.

हे सारे आम्ही नातीला थोडक्यात सांगितले. ती विचारात पडली.

“मग ते लोक नाही का चालत गेले? सांगायला?”

“गेले होते, बाळ. पुष्कळ लोक, पुष्कळ वेळा गेले.”

“मग?”

या ‘मग’चे उत्तर आम्हांजवळ नव्हते. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून ते पंपांनी घाट चढवून आणतात. तेच पिऊन आम्ही लहानाचे मोठे झालो. धरण नको, कालवा नको, असे इंदुरी माणसाने कोणत्या तोंडाने म्हणावे? पण फिनिक्सकरही तहानलेले होते, त्यांचेही शहर वाढत होते. तेथे चारशे माणसांनी नाही म्हटल्यावर अभियंत्यांना पुन्हा नकाशे उलगडावे लागले, आणि नकाशात दुसरी जागा निघाली. आमच्याकडे नकाशा दुसऱ्यांदा उलगडला गेला असता तर काय निघाले असते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

दहाव्या गलीपासून आमचा खेळ सुधारला, असे भाच्याचे म्हणणे. आम्ही त्याचे श्रेय उन्हाला देतो. ऊन चढले की माणूस फार जोर करीत नाही आणि गोल्फमध्ये जोर न करणे हीच अर्धी विद्या आहे. कोरड्या ओढ्यापलीकडे गल असली की आधी आम्ही ओढ्याकडे पाहत असू आणि चेंडू नेमका तेथेच जाई. आता आम्ही ओढा, खडक, काटे यांच्याकडे न पाहता पलीकडचे हिरवे अंगण तेवढे पाहू लागलो. एका आखूड गलीवर, जी तीन फटक्यांत संपवावयाची असते, आमचा चेंडू पहिल्याच फटक्यात वाळवंट ओलांडून अंगणाच्या कडेला उतरला, दुसऱ्यात जवळ आला, तिसऱ्यात थोडक्यात हुकला आणि चौथ्यात गलीत पडला. नातीने टाळ्या वाजविल्या आणि कार्डावर त्या चाराला गोल केला.

वाटेत भाच्याने दूरवरचा कॅसिनो दाखविला. तोही यावापाईंचाच. या हिरवळीमागे मूळ पैसा त्या जुगाराचा आहे, हे सांगताना तो जरा चाचरला. मामा मुख्याध्यापक, त्यांना काय वाटेल! आम्हांस वाईट वाटले हे खरेच. उभा जन्म मुलांना पत्त्यांपासून दूर ठेवण्यात गेला. पण त्याही गोष्टीला एक बाजू आहे. १२ मे १९९२ रोजी भल्या पहाटे सरकारी पोलीस तेथली साडेतीनशेच्या आसपास यंत्रे जप्त करून मालमोटारींत भरून नेऊ लागले, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी आपापल्या मोटारी रस्त्यावर आडव्या घालून त्या अडविल्या. शेवटी राज्याला त्यांच्याशी करार करणे भाग पडले. त्या उत्पन्नातून त्यांनी आपली वस्ती सावरली. १९९० च्या कायद्याने व्हर्डीच्या पाण्यातील त्यांचा हिस्साही त्यांना पक्का करून मिळाला होता. म्हणजे ज्यांची जमीन शहराच्या पाण्यासाठी बुडावयाची होती, तेच आज शहरातील हौशी मंडळींना हिरवळ देतात आणि तिचे दर स्वतः ठरवितात. जुगार वाईट, हे आम्ही वर्गात पुढेही सांगूच. मात्र तेहतीस दशलक्ष डॉलर नाकारणाऱ्या माणसांना पैशाचा लोभ होता असे आमच्यासमोर कोणी म्हणू नये.

सोळाव्या गलीला अकरावा चेंडू गेला. आमच्याजवळ एकच उरला. भाचा आपला एखादा देऊ करीत होता, पण आम्ही घेतला नाही. उरलेल्या गली त्या एकाच चेंडूवर काढावयाच्या असे ठरविले, आणि तसे ठरविताच हात आखडला, फटके आखूड झाले, पण एकही रानात गेला नाही. अठराव्या गलीच्या अंगणावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. चार शिखरे उन्हात फिकी पडली होती आणि हातातला दांडा तापला होता. नातीने निशाणाची काठी उपसून धरली. चेंडू कडेवरून एक फेरी मारून आत पडला. आतल्या पेल्यात पडतानाचा त्याचा ‘टक्‌’ असा आवाज गोटीचा नव्हे, पण त्याच्या जवळपासचा आहे.

“एकशे एकतीस,” नातीने बेरीज सांगितली. शिस्तीने तिने ती दोनदा पडताळली होती. उत्तम खेळाडूने एकाहत्तर फटक्यांत संपविण्याचे ते मैदान.

परतताना घराकडे न वळता भाच्याने गाडी काही मैल पुढे घेतली. नदी दाखवल्यावाचून आजोबांना न्यावयाचे नाही, असा नातीचा हट्ट होता. महामार्गाच्या पुलाजवळ आम्ही उतरलो. व्हर्डी ही काही मोठी नदी नव्हे. जूनमध्ये तर नर्मदेच्या एखाद्या उपनदीएवढीही ती दिसत नव्हती. गुडघाभर स्वच्छ पाणी गोट्यांवरून खळखळत होते, काठाने कॉटनवुडची उंच झाडे सळसळत होती आणि त्यांच्या सावलीत कोणाची तरी दोन मुले पाय पाण्यात सोडून बसली होती. नातीने चपला काढल्या. आम्हीही बूट काढले, पायजम्यासारखी पाटलोण वर दुमडली आणि तिच्यामागून पाण्यात उतरलो. पाणी थंड होते. तिने ओंजळभर पाणी घेऊन आमच्या तापलेल्या हातांवर ओतले आणि म्हणाली, “आजोबा, हे पाणी उद्या पण इथूनच जाणार.”